‘शॅमरॉक’च्या शिडांचा हिशेब

स्कॉटलंडमधील डम्बार्टन या लहानशा गावात, लेव्हन नदी जेथे क्लाइडला मिळते तेथील विल्यम डेनी आणि बंधू यांच्या गोदीतून, १७ मार्च १९०३ रोजी ‘शॅमरॉक तिसरी’ ही शर्यतीची नौका पाण्यात उतरली. संत पॅट्रिकचा सण म्हणून दिवस मुद्दाम निवडलेला होता. नौकेचे नाव आयरिश लोकांच्या तीनपानी गवताचे, आव्हान अल्स्टरमधील एका राजमान्य क्लबाच्या वतीने, मालक ग्लासगोत जन्मलेला, आणि तिची आखणी करणारे व तिला बांधणारे हात मात्र संपूर्णपणे स्कॉटिश. लांबी १३४ फूट. पाण्याच्या रेषेवर नव्वद फुटांच्या किंचित आत, कारण नियमाने घातलेली मर्यादा तेवढीच होती. शिडांचे क्षेत्रफळ सुमारे १४,००० चौरस फूट. अमेरिकेने १८५१ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिंकून नेलेला ‘अमेरिकाज् कप’ परत आणावयाचा, एवढेच काम तिला नेमून दिलेले होते.

या नौकेवर आणि तिच्या चार बहिणींवर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणात नौकेच्या वळणांचे वर्णन असते, कोणत्या दिवशी वारा कोठून वाहत होता याची नोंद असते, आणि मालक सर थॉमस लिप्टन यांच्या दिलदारपणाची स्तुती तर असतेच असते. १८९९, १९०१, १९०३, १९२० आणि १९३० असा पाच वेळा हा गृहस्थ हरला आणि पाचही वेळा हसतमुखाने हरला. म्हणून तो जगातील सर्वांत उमदा पराभूत! इतिहासलेखनाची ही तऱ्हा निरुपद्रवी वाटते, पण ती निरुपद्रवी नाही. जो खर्च वस्तुतः व्यापाराचा होता त्याला ती खेळाचे नाव देते, आणि ज्यांच्या श्रमातून तो खर्च निघाला त्यांना चित्राच्या चौकटीबाहेर उभे करते.

नौकेच्या कारागिरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. आखणी करणारा विल्यम फाइफ हा क्लाइडच्या किनाऱ्यावरील फेअरली या खेड्यातला, तीन पिढ्यांच्या नौका बांधणाऱ्या घराण्यातला. त्याच्या मदतीला जॉर्ज वॉटसन हा दुसरा नामांकित स्कॉटिश आरेखक होता. शिवाय डेनींच्या गोदीत १८८३ सालापासून एक लांबलचक हौद होता, खाजगी गोदीने बांधलेला जगातील पहिला. मेणाची प्रतिकृती करावयाची, ती हौदात ओढावयाची, पाण्याचा विरोध मोजावयाचा आणि मगच पोलादाला हात लावावयाचा, ही पद्धत तेथे रुळली होती. १९०१ सालच्या ‘शॅमरॉक दुसरी’साठी वॉटसनने याच हौदात अनेक प्रतिकृती तपासल्या होत्या. ती नौका शर्यतीत हरली, तेव्हा ‘प्रतिस्पर्धी हेरेशॉफ यांच्याकडेही असाच एक हौद असता तर बरे झाले असते,’ असे वॉटसन म्हणाल्याचे सांगतात. शास्त्राचाही विनोद होतो तो असा. अर्थात ती नौका फार थोडक्यात हरली होती. शेवटच्या शर्यतीत ती दोन सेकंद आधी पोहोचली, परंतु आकारमानानुसार प्रतिस्पर्ध्याला मिळणारी वेळेची सूट हिशेबात धरल्यावर एक्केचाळीस सेकंदांनी मागे पडली.

तथापि हा हौद कोणाच्या पैशावर उभा राहिला, हा प्रश्न नौकांचे इतिहासकार विचारीत नाहीत. डेनींची गोदी शर्यतीच्या नौकांवर चालत नव्हती. ‘कटी सार्क’ हे चीनचा चहा आणणारे प्रसिद्ध जहाज ज्या कंपनीने बांधावयास घेतले तिचे दिवाळे निघाल्यावर १८६९ साली ते याच डेनींनी पुरे केले. ब्रह्मदेशात ऐरावती नदीवर चालणाऱ्या फ्लोटिला कंपनीच्या आगबोटी येथूनच गेल्या, आणि त्या कंपनीत डेनींचे हितसंबंधही गुंतलेले होते. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या कितीतरी आगबोटी याच गोदीतून हिंदी महासागरात उतरल्या. या व अशा ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खलाशी आणि गोव्याचे बुटलर-खानसामे पिढ्यान्‌पिढ्या राबले. त्यांचा करार वेगळा, ‘एशियाटिक’ म्हणून ओळखला जाणारा. त्यांची राहण्याची जागा अधिक अडचणीची. आणि पगार गोऱ्या खलाशाच्या एकतृतीयांशापासून एकपंचमांशापर्यंत. या स्वस्त हातांमुळे कंपन्यांना नफा होई, नफ्यातून नव्या बोटींची मागणी निघे आणि त्या मागणीवर क्लाइडच्या गोद्या चालत. कोकणच्या वाचकाला ‘शॅमरॉक’ ही अगदीच परकी गोष्ट वाटण्याचे कारण नाही, ते यामुळे.

आता मालकाकडे वळावे. लिप्टनचे आईबाप आयर्लंडच्या उत्तर भागातून पोट भरण्यासाठी ग्लासगोला आलेले. मुलगा पंधराएक वर्षांचा असताना अमेरिकेला गेला, तेथे मिळेल ते काम केले, दुकानदारी कशी चालते ते पाहिले आणि परत येऊन १८७१ साली ग्लासगोत स्वतःचे दुकान काढले. डुकराचे मांस, लोणी, अंडी, चीज असा त्याचा माल. मधले दलाल काढून टाकून थेट उत्पादकाकडून घ्यावयाचे, थोड्या नफ्यावर पुष्कळ विकावयाचे आणि जाहिरातीत कोणाला हार जावयाचे नाही, हे त्याचे सूत्र होते. १८८१ च्या नाताळात त्याने एक अजस्र चीज मागविले आणि त्यात सोन्याची नाणी खोचून ठेवली. ते विकत घेण्यासाठी दुकानासमोर इतकी झुंबड उडाली की पोलिसांना धावावे लागले. ज्याला नौकांचा इतिहास लिहावयाचा आहे त्याने हे चीज विसरू नये. पुढे समुद्रावर जे घडले ते याच चीजचे थोरले भावंड होते.

१८९० साली लिप्टन सिलोनला गेला. मुहूर्त उत्तम होता. १८६९ पासून पसरलेल्या तांबेऱ्याने त्या बेटावरील कॉफीचे मळे उद्ध्वस्त केले होते, मळेवाल्यांची दिवाळी निघाली होती आणि जमीन स्वस्तात मिळत होती. हपुतळेजवळचा डंबातेन आणि आणखी काही मळे त्याने घेतले आणि ‘मळ्यातून थेट किटलीत’ ही घोषणा ब्रिटनच्या भिंतींवर झळकली. घोषणा अर्धीच खरी होती. त्याच्या शेकडो दुकानांतून विकल्या जाणाऱ्या चहापैकी त्याच्या स्वतःच्या मळ्यांवर पिकलेला चहा लहानसाच हिस्सा होता. उरलेला इतर व्यापाऱ्यांप्रमाणे तोही बाजारात घेत असे. म्हणून लिप्टनची सारी दौलत डंबातेनच्या मजुरांनी निर्माण केली असे म्हणणे अर्थशास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरेल. पण बाजारात घेतलेला चहा तरी कोठून येत होता? सिलोन आणि आसामातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मळ्यांतून. मळेवाला बदलला म्हणून मजुराची स्थिती बदलत नव्हती.

ती स्थिती काय होती? तामिळ मुलखातील दुष्काळ, सावकारी आणि जातीची उतरंड यांनी पिचलेली कुटुंबे कंगाणीच्या मागून सिलोनला जात. कंगाणी म्हणजे भरती करणारा, मळ्यावर देखरेख करणारा आणि उचल देणारा असा एकच माणूस. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर किंवा ऊसतोडणीचा मुकादम ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्यवस्थेची फोड करून सांगावयास नको. प्रवासाचा, जेवणाचा, घोंगडीचा खर्च उचलीच्या नावे चढे. मजूर मळ्यावर पाऊल ठेवी तो कर्जदार म्हणूनच. रोज जितकी माणसे कामावर हजर, तितक्या डोक्यांमागे कंगाणीला मालकाकडून पैसे मिळत. तेव्हा आजारी माणसालाही कामावर हाकलण्यात त्याचा प्रत्यक्ष स्वार्थ होता. मजुराला मळा बदलावयाचा झाला तर त्याच्याजवळ ‘तुंडू’ असावा लागे. तुंडू म्हणजे त्याच्या डोक्यावरील कर्जाची रक्कम लिहिलेला चिठोरा. नवा मालक ती रक्कम जुन्या मालकाला देई आणि मजूर त्याच्या खात्यावर वर्ग होई. गुलामगिरी कायद्याने संपली होती, हे खरेच; माणूस विकला जात नव्हता, त्याचे कर्ज विकले जात होते आणि माणूस कर्जामागून जात होता.

या ठिकाणी एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो समाजवादी म्हणविणाऱ्यांकडूनही येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. आक्षेप असा की, लिप्टनने चहा स्वस्त केला; त्याचा लाभ ब्रिटनच्या गरीब कामगाराला झाला. सीबोम राउंट्री यांनी १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत यॉर्क शहरातील २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे दिसून आले. अशा समाजात चहाचा पुडा काही पेन्सने उतरणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती, हे मान्य. परंतु स्वस्ताई आकाशातून पडत नाही. दलाल काढून टाकल्याने काही बचत झाली असेल. मोठ्या प्रमाणावरील खरेदीने काही झाली असेल. आणि उरलेली झाली ती मळ्यावरील मजुरी वर्षानुवर्षे जागची न हलल्यामुळे. ग्लासगोच्या कामगाराला स्वस्त चहा मिळाला म्हणून त्याच्या मालकाला मजुरी वाढविण्याची निकड कमी भासली, आणि तो चहा खुडणाऱ्या बाईला तर काहीच मिळाले नाही. एका कामगाराच्या तुटपुंज्या मिळकतीला दुसऱ्या कामगाराच्या उपासमारीचा टेकू देणे, यालाच जर लोककल्याण म्हणावयाचे असेल तर साम्राज्यशाहीला वेगळे समर्थन शोधावे लागणार नाही.

नौकांचा उगम समजून घ्यावयाचा तर चारच सनावळ्या लागोपाठ मांडाव्यात. १८९७: राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवात गरिबांना जेवण घालण्यासाठी लिप्टनकडून २५,००० पौंडांची देणगी. १८९८ च्या आरंभी: ‘सर’ ही पदवी. त्याच वर्षी: लिप्टन कंपनीचे पंचवीस लाख पौंडांच्या भांडवलावर सार्वजनिक कंपनीत रूपांतर, भागांसाठी लोकांची रीघ. १८९९: पहिली ‘शॅमरॉक’. देणगी, पदवी, भागविक्री आणि शर्यत यांची ही रांग योगायोगाने लागली असे मानण्याइतका भोळेपणा व्यापारी माणसाकडे नसतो. तो फक्त त्याच्या चरित्रकारांकडे असतो. आणि शर्यत तरी कोणत्या देशाशी? ज्या अफाट बाजारपेठेत लोक अद्याप कॉफीच पीत होते आणि जेथे चहाचा पुडा खपवावयाचा होता, त्या अमेरिकेशी. वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने मालकाच्या नावाने भरून जात. तेवढी जागा पैसे मोजून घ्यावयाची झाली असती तर किती नौकांची किंमत पडली असती याचा हिशेब जाहिरातीच्या धंद्यातील माणसाने करावा. विशेष म्हणजे या धंद्यात जिंकण्याची गरजच नव्हती. जिंकला असता तर विषय एका दिवसात संपला असता. हरत राहिल्याने तो तीस वर्षे चालला. १९३० साली पाचव्यांदा हरल्यावर अमेरिकनांनी एकेक डॉलरची वर्गणी काढून त्याला सोन्याचा चषक दिला! ग्राहकांनीच वर्गणी काढून व्यापाऱ्याची जाहिरात करावी, असे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच.

‘शॅमरॉक तिसरी’चे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. पाण्यात उतरून महिना झाला नाही तोच, १७ एप्रिल १९०३ रोजी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथजवळ सराव चालू असता वाऱ्याच्या झोताने तिची डोलकाठी शिडांसह कोसळली. काही खलाशी जखमी झाले. एक समुद्रात फेकला जाऊन मेला. शर्यती नौका शक्य तितकी हलकी आणि शिडे शक्य तितकी मोठी, म्हणजे मोडण्याच्या काठावर नेऊन ठेवलेले यंत्र. त्या काठावर पाय रोवून उभा राहतो तो पगारी खलाशी. हे खलाशी बहुतेक एसेक्सच्या किनाऱ्यावरील गावांतले, हिवाळ्यात मासेमारी करणारे आणि उन्हाळ्यात श्रीमंतांच्या नौकांवर मजुरी करणारे. नौकेला नवी डोलकाठी बसविण्यात आली आणि ‘एरिन’ या लिप्टनच्या वाफेच्या नौकेने तिला अटलांटिकपार ओढीत नेले. मेलेल्या माणसाची नोंद इतिहासात अर्ध्या ओळीची आहे.

समोर होती हेरेशॉफ यांची ‘रिलायन्स’: शिडांचे क्षेत्रफळ १६,००० चौरस फुटांहून अधिक, खलाशी चौसष्ट. तिच्या मालकमंडळात विल्यम रॉकफेलर होते, युनायटेड स्टेट्स स्टीलचे एल्बर्ट गॅरी होते, रेल्वेवाले जेम्स हिल होते, व्हँडरबिल्ट होते. तेल, पोलाद आणि रेल्वे यांची मक्तेदारी एकीकडे आणि लोणी-चहाची दुसरीकडे! राष्ट्राभिमानाचे सोंग किती पातळ होते ते सुकाणूवर पाहावे: अमेरिकेच्या नौकेचा कप्तान चार्ली बार हा क्लाइडकाठच्या गुरॉक गावी जन्मलेला स्कॉटिश माणूस होता. ‘रिलायन्स’ने पहिल्या दोन शर्यती सरळ जिंकल्या. ३ सप्टेंबर रोजी तिसरीत दाट धुके पडले आणि ‘शॅमरॉक’ला समाप्तीची रेषाच सापडली नाही. दोन्ही नौका एवढ्याच एका कामासाठी घडविलेल्या. ‘रिलायन्स’ १९१३ साली मोडण्यात आली, ‘शॅमरॉक तिसरी’ १९२० साली. डम्बार्टनच्या कारागिरांचे कसब, फाइफची दृष्टी, हौदातील मोजमापे, या सर्वांचा शेवट भंगारात.

लिप्टनविषयी एक सहानुभूती आणखी आढळते. इंग्लंडच्या सरदारवर्गाने त्याला नाके मुरडली. राजा एडवर्ड आपल्या किराणा दुकानदाराबरोबर नौकाविहाराला गेला आहे, असा टोमणा जर्मन सम्राटाने मारल्याची आख्यायिका आहे. आणि रॉयल यॉट स्क्वाड्रन या बड्या क्लबाने त्याला सभासद करून घेतले ते १९३१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी. म्हणून ग्लासगोच्या कामगारवस्तीत तो आपलासा वाटे. ही भावना समजण्यासारखी आहे. तिच्यावर राजकारण उभारता येणार नाही. जमीनदारी संपत्तीने व्यापारी संपत्तीला पंक्तीत पाट दिला की नाही, हा त्या दोघांमधला प्रश्न आहे. पाट मांडणाऱ्यांचा आणि उष्टी काढणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या ग्लासगोला त्याचा अभिमान वाटे तेथील घरे कशी होती? स्कॉटलंडच्या गृहनिर्माणाविषयीच्या राजकीय आयोगाने १९१७ साली सांगितले की, देशातील जवळजवळ निम्मी प्रजा एका किंवा दोन खोल्यांच्या घरांत राहते.

आणि दानधर्म? आपल्याकडील काही सज्जन मित्र येथे विश्वस्तवृत्तीचा सिद्धांत पुढे करतील. लिप्टनने गरिबांच्या खाणावळींसाठी एक लाख पौंड दिले आणि मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेचा मोठा भाग ग्लासगोला गेला, हे खोटे नाही. पण विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो, आणि तो ज्यांची ठेव आहे त्यांना. येथे ठेव कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार विश्वस्तानेच आपल्याकडे ठेवला होता. शिवाय धंद्याच्या अंगणात हाच उमदेपणा कितपत टिकला, याची साक्ष १९१४ सालच्या खटल्यात आहे: लष्करी उपाहारगृहांचे मक्ते मिळावेत म्हणून लाच दिल्याबद्दल लिप्टन कंपनीचे अधिकारी आणि ती घेतल्याबद्दल लष्करी अधिकारी दोषी ठरले. समुद्रावर नियमाने हरणारी कंपनी जमिनीवर नियम विकत घेत होती.

हिशेबाची मळ्याकडील बाजू अद्याप मिटलेली नाही. तुंडूची पद्धत १९२१ साली रद्द झाली. किमान मजुरीचा कायदा १९२७ साली आला. १९४८ साली स्वतंत्र सिलोनच्या पहिल्याच सरकारने मळ्यांवरील सुमारे सात लाख तामिळ मजुरांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो कराराने त्यांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारताने घ्यावयाचे, तीन लाख सिलोनने ठेवावयाचे, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहावयाचे. चार पिढ्या ज्यांनी मळा जगविला त्यांना विचारण्याची गरज कोणत्याच सरकारला वाटली नाही. हा नागरिकत्वाचा प्रश्न २००३ च्या कायद्यापर्यंत लोंबकळत राहिला. १९७२ व १९७५ साली मळ्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९२ पासून व्यवस्थापन पुन्हा खाजगी कंपन्यांकडे गेले. हपुतळेवरच्या ज्या टोकावरून लिप्टन आपले मळे न्याहाळीत असे तेथे आता पर्यटक सूर्योदय पाहावयास जातात.

डेनींची गोदी १९६३ साली बंद पडली. मेणाच्या प्रतिकृतींचा हौद मात्र संग्रहालय म्हणून जपलेला आहे. लिप्टन हे नावही जपलेले आहे, आणि त्याला भाव आहे. युनिलिव्हरने २०२२ साली, भारतासारखे काही देश वगळून, आपला चहाचा धंदा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला साडेचार अब्ज युरोंना विकला. त्या धंद्याने पुढे आपले नावच लिप्टन असे ठेवले. साडेचार अब्जांत यंत्रे किती, जमीन किती आणि नुसत्या नावाची पत किती, हे ताळेबंद वाचणाऱ्यास ठाऊक असते. आणि त्या पतीचा पाया सँडी हूकच्या समुद्रावर हरलेल्या शर्यतींत घातला गेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ साली, श्रीलंकेतील मळेकामगारांनी वर्षानुवर्षे लावून धरलेली रोजी एक हजार रुपयांची, त्या देशाच्या चलनातली, मागणी तेथील वेतनमंडळाने मान्य केली. मळेवाल्या कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.